नऊ दिवसांची खोली

सोमवारी सकाळी लिफ्टचं दार मिटता मिटता टपाल आत शिरली, कॉफीचा कप सांडू न देता एका कोपऱ्यात उभी राहिली आणि त्याच्याकडे न बघताच म्हणाली, "गुरुवारी लंबक येतोय. तुला भेटायचंय त्याला. दाराबद्दल विचारायचं म्हणतो." दुसऱ्या मजल्यावर ती उतरून गेली. तो चौथ्याऐवजी सहाव्यावर पोचला, तिथल्या अनोळखी कार्पेटवर क्षणभर उभा राहिला, आणि मग जिन्यानं दोन मजले खाली आला. जिन्यात त्याच्या लक्षात आलं, की आपला उजवा हात खिशात किल्ल्यांचा जुडगा घट्ट आवळून बसलाय आणि तळव्याला किल्लीचे दात रुतलेत.

टपाल हे काही तिचं नाव नव्हतं. संगणकावरचे खेळ बनवणाऱ्या त्या स्टुडिओत चाहत्यांच्या वेबसाइट्सशी पत्रव्यवहार ठेवायचं काम तिच्याकडे होतं, म्हणून ती टपाल. तो खेळांमधली घरं, गल्ल्या, जिने, कौलं, खिडक्या रचायचा, म्हणून गेली सतरा वर्षं तो गवंडी. नव्यानं लागलेल्या पोरांना वाटायचं की हे त्याचं आडनावच आहे. आणि लंबक म्हणजे 'बंद दार' नावाची साइट चालवणारा माणूस. त्याला कुणी पाहिलं नव्हतं. त्याची पत्रं यायची, छोटी, नीटस, शुद्धलेखनाची एक चूक नसलेली. गवंड्याच्या डोक्यात त्याचं एक चित्र तयार झालं होतं: तिशीतला, बारीक, सरळ पाठीचा, समोरच्याचं बोलणं पूर्ण ऐकून घेऊन मग नेमक्या जागी बोट ठेवणारा. या चित्राला तो बारा वर्षं घाबरत आला होता, आणि आता ते चित्र गुरुवारी अकरा वाजता चौथ्या मजल्यावर येणार होतं.

दार हिरवं होतं. पंधरा वर्षांपूर्वी स्टुडिओनं पहिला मोठा खेळ काढला, त्यात एक समुद्राकाठचं गाव होतं, माणसं सोडून गेलेलं. खेळणारा घराघरांतून फिरायचा, राहिलेल्या वस्तू बघायचा, आणि लोक का गेले ते हळूहळू त्याच्या ध्यानात यायचं. शेवटचं घर टेकडीवरचं. त्या घराच्या वरच्या मजल्यावर, मोकळ्या व्हरांड्याच्या टोकाला, ते हिरवं दार. ते उघडत नव्हतं. त्याची किल्ली कुठंच नव्हती. ढकललं तरी नाही, वाट बघितली तरी नाही. खेळ बाजारात आला आणि सहा महिन्यांत लोक त्या दाराबद्दल बोलायला लागले. काहींनी आत कान देऊन श्वास ऐकला. काहींनी दाराच्या रंगाचा अर्थ लावला. चाहत्यांनी साइट्स काढल्या, एके काळी चाळीसेक होत्या, आता सात उरल्या होत्या, आणि त्यांतली सगळ्यात जुनी, सगळ्यात मोठी, जिच्या शब्दावर बाकीच्या सहा चालत, ती म्हणजे 'बंद दार'. तिथे त्या दारावरच्या चर्चेची चारशे बारा पानं झाली होती.

बॉस या साइट्सना सासर म्हणायचा. "सासरची माणसं आहेत," तो मीटिंगमध्ये सांगायचा, "त्यांना दुखवून चालत नाही आणि त्यांच्या मांडीला मांडी लावून बसूनही चालत नाही." लोक हसायचे, पण बॉस ते गंभीरपणे म्हणायचा. मागच्या वर्षी दुसऱ्या एका स्टुडिओनं जुन्या खेळात एका म्हाताऱ्या पात्राचा आवाज बदलला, तर तिथले चाहते असे उसळले की महिनाभर माफ्या मागत बसावं लागलं. म्हणून आता, जुन्या खेळाची नवी आवृत्ती काढायची ठरल्यावर, बॉसनं आधी सासरच्यांना बोलावून घ्यायचं ठरवलं. सोमवारी दुपारच्या मीटिंगमध्ये त्यानं पडद्यावर हिरवं दार लावलं आणि खुर्चीत मागे रेलून म्हणाला, "यंदा उघडू या. पंधरा वर्षं पुरे झाली. आत काय आहे ते एकालाच माहीत आहे." सगळ्यांनी गवंड्याकडे बघितलं. त्या नजरांमध्ये प्रेम होतं, खरोखरचं, आणि तेच त्याला सोसेना. तो म्हणाला, "बघतो." बॉस म्हणाला, "बघतो काय, काढ बाहेर."

आत काहीच नव्हतं. हे तो कुणाला सांगू शकत नव्हता. आत भिंती नव्हत्या, जमीन नव्हती, खिडकीसुद्धा नव्हती. कागदावर तिथे एक साधी खोली आखली होती, अडगळीची, एक फडताळ आणि मोडका पलंग असलेली. ती करायला शेवटचे दहा दिवस हातात होते. त्यातल्या पहिल्याच दिवशी सकाळी बायको मुलीला घेऊन तिच्या ताईकडे निघून गेली. भांडण फार मोठं नव्हतं. तो तीन महिने उशिरा घरी येत होता, आणि आदल्या दिवशी मुलीच्या बालवाडीच्या कार्यक्रमाला जायचं कबूल करून विसरला होता, इतकंच. चार वर्षांची पोर कागदी मुकुट घालून दाराकडे बघत बसली होती, असं बायकोनं सांगितलं, आवाज न चढवता. मग पिशवी भरली. दारातून जाताना म्हणाली, "तुझं काम होऊ दे." त्या वाक्यात टोमणा होता की मोकळीक, हे त्याला कधीच ठरवता आलं नाही. तो रोज सकाळी स्टुडिओत जायचा, ती खोली उघडायचा, आणि संध्याकाळपर्यंत रिकाम्या पडद्यासमोर बसायचा. फोन टेबलावर असायचा. ताईचा नंबर त्याला पाठ होता. बोट सहा आकड्यांपर्यंत जायचं आणि थांबायचं, कारण सातव्या आकड्यानंतर कुणीतरी बोलणार होतं आणि मग त्यालाही काहीतरी बोलावं लागणार होतं. असे नऊ दिवस. दहाव्या दिवशी बायको परत आली. त्याच दुपारी बॉसनं विचारलं, "वरची खोली झाली?" त्यानं एक दार बसवलं, पडद्यावर समोरच हिरवा रंग होता तो दिला, कुलूप लावलं आणि म्हणाला, "मुद्दाम बंद ठेवलीय." बॉस दाराकडे बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "बाप रे." तेवढ्यावर सगळं सुरू झालं.

खोटं बोलायला त्याला एक सेकंद लागला होता. ते सांभाळायला पंधरा वर्षं. त्या दारानं त्याला विचारी माणूस बनवलं. तो गप्प बसला तर लोकांना वाटायचं तो काहीतरी खोल विचार करतोय. एखादा जिना चुकून वाकडा आला तर सहकारी येऊन हळू आवाजात विचारायचे, "हा वाकडा का?" आणि तो "असू दे" म्हणायचा, कारण "चुकला" म्हणायची सोय राहिली नव्हती. पुढच्या प्रत्येक खेळात त्याला एखादी जागा अशी ठेवावी लागली, की जिच्यापाशी लोकांनी थबकावं. साधी खोली बांधायचा त्याचा हात गेला. पण याहून वाईट गोष्ट घरात होती. खेळ पुरा झाल्यावर बायको एकदा त्याच्या संगणकासमोर बसून तासभर त्या टेकडीवरच्या घरातून फिरली, स्वयंपाकघर, माडी, व्हरांडा, शेवटी हिरव्या दारापाशी थांबली, आणि म्हणाली, "हे करत होतास होय त्या दिवसांत. मग ठीक आहे." त्यानं मान डोलावली होती. तिची माफी त्या घराच्या बदल्यात मिळाली, असा त्यानं हिशेब धरला. आता घर खोटं निघालं, तर माफीचं काय.

मंगळवारी त्यानं खोली भरायचा प्रयत्न केला. एक पाळणा ठेवून बघितला. ते इतकं उघड खोटं दिसलं की त्यानं घाईनं पुसून टाकलं, कुणी मागे उभं तर नाही ना हे बघत. मग आरसा. मग समुद्राकडे उघडणारी खिडकी. प्रत्येक वस्तू ठेवली की तिच्यातून त्याचाच चेहरा बाहेर यायचा, लोकांना काय वाटेल याचा अंदाज घेणारा. दुपारी त्यानं 'बंद दार' उघडली. वर्षानुवर्षं तो ही साइट टाळत आला होता, आणि आता पहिल्या पानापासून वाचत सुटला. लोक किती नीट बोलत होते एकमेकांशी. कुणीतरी दाराच्या चौकटीवरच्या ओरखड्यांची मापं घेतली होती. कुणीतरी म्हणत होतं, आत घरमालकाची म्हातारी आई आहे, तिला न्यायचं विसरलेत. त्याला उत्तर होतं, असं विसरत नाहीत हो माणसं, काहीतरीच. दोनशे सातव्या पानावर एका बाईनं लिहिलं होतं, की वडील गेल्यावर ती रोज ऑफिसहून येऊन अर्धा तास त्या दारासमोर नुसती उभी राहायची; उघडत नाही तेच बरं वाटायचं. ते वाचून त्यानं पडदा बंद केला आणि बेसिनवर जाऊन तोंड धुतलं. पाणी गार होतं. आरशात बघताना त्याला वाटलं, आपण या बाईच्या घरात शिरून काहीतरी उचलून आणलंय आणि इतकी वर्षं ते अंगावर घालून फिरतोय.

बुधवारी रात्रीच्या जेवणात बायकोनं विचारलं, "काय झालंय? ताटातलं नुसतं इकडचं तिकडे करतोयस." ती कानाच्या तपासणीचं काम करते, दिवसभर बंद खोलीत बसून लोकांना बारीक बारीक आवाज ऐकवायचे आणि कुठला पोचला, कुठला नाही ते टिपून ठेवायचं. तिच्यासमोर गप्प बसणं सोपं नसतं. "उद्या माणसं येतायत ऑफिसात," तो म्हणाला. "मग येऊ देत की," ती म्हणाली, आणि थोडा वेळ त्याच्याकडे बघून तिनं पाण्याचा तांब्या त्याच्या बाजूला सरकवला. तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. जीभ टाळ्यापर्यंत गेलीही होती.

गुरुवारी अकराला दहा मिनिटं असताना टपाल एका साठीच्या बाईला घेऊन आली. बाईंच्या खांद्याला कापडी पिशवी होती, केस आखूड, आणि उजव्या डोळ्याभोवती एक फिकट गोल वळ, चष्म्याचा नव्हे, भिंगाचा. "या लंबक," टपाल म्हणाली. तिचा आवाजही जरा गोंधळलेला होता. बाई हसल्या. "मी घड्याळं दुरुस्त करते. म्हणून ते नाव घेतलं होतं. तुम्हा सगळ्यांना कुणीतरी पोरगा येईल असं वाटलं असणार." बॉस अजून फोनवर होता. टपाल कॉफी आणायला गेली. काचेच्या त्या छोट्या खोलीत ते दोघंच राहिले, आणि गवंड्याला वाटलं, आता पहिला प्रश्न येईल आणि आपण म्हणू, की ते प्रत्येकानं आपापलं ठरवावं. पंधरा वर्षं पुरलेलं वाक्य. त्यानं ते तोंडात तयार ठेवलं.

बाईंनी पिशवीतून एक घडी केलेला कागद काढला, पण उघडला नाही. "एक विचारू का? उत्तर नाही दिलंत तरी चालेल."

"विचारा."

"त्या दिवसांत तुमच्या घरी काही झालं होतं का?"

तयार ठेवलेलं वाक्य या प्रश्नाला बसत नव्हतं. बाईंनी कागद उलगडून त्याच्यापुढे ठेवला. दहा ओळी होत्या. तारीख, खोली उघडल्याची वेळ, बंद केल्याची वेळ. सकाळी नऊ दहा, संध्याकाळी सहा चाळीस, बदल काही नाही. सकाळी नऊ पाच, संध्याकाळी सात, बदल काही नाही. असं नऊ वेळा. दहाव्या ओळीत: दार बसवलं, कुलूप. "खेळाच्या फायलींबरोबर तुमच्या कामाची नोंदही चुकून बाहेर आली होती," बाई म्हणाल्या. "अशा फायली उघडून बघणारे लोक असतात आमच्यात. आम्ही तिघं मिळून साइट चालवतो. मी, एक बेकरीवाले आणि एक गणिताच्या शिक्षिका. त्या शिक्षिकेला हे सापडलं. आठ वर्षं झाली."

"आठ वर्षं," तो म्हणाला.

"माझे यजमान आजारी होते तेव्हा मीसुद्धा दुकान उघडून अशीच बसायचे. वेळेवर उघडायचं, वेळेवर बंद करायचं. गिऱ्हाईक आलं तर सांगायचं उद्या या. म्हणून ही नोंद बघितली तेव्हा मला नवल नाही वाटलं."

त्याच्या कानांत काहीतरी सुटल्यासारखं झालं, घाटातून खाली उतरताना होतं तसं. एसीचा आवाज, बाहेर कुणाच्या तरी खुर्चीची चाकं, हे सगळं एकदम जवळून ऐकू यायला लागलं. "मग साइटवर टाकलं का नाही तुम्ही?" त्यानं विचारलं.

"काय टाकायचं? एक माणूस नऊ दिवस काम करू शकला नाही, हे? बेकरीवाल्यांचं मत टाकावं असं होतं. दोन विरुद्ध एक झालं. महिनाभर बोलले नाहीत ते आमच्याशी." बाई कागदाची घडी पुन्हा घालू लागल्या. "आता तुम्ही म्हणाल, आत काही नाही हे माहीत असून चारशे पानं वाद कसले घालतो. तर त्यात मजा येते हो. मी स्वतः तीन वेळा मत बदललंय."

"मग आज दाराबद्दलच विचारायचं का होतं?"

"तुमच्या टपालबाईंनी कळवलं, नव्या आवृत्तीत दार उघडणार म्हणून. म्हणजे आत काहीतरी ठेवायला तुम्हाला बसवणार. मनात आलं, पुन्हा नऊ दिवस बसतील. तेव्हा जाऊन सांगून यावं, की आमच्याकरता म्हणून काही ठेवू नका. उघडा, नाहीतर बंद ठेवा. घर तुमचं आहे. आम्ही नुसते येऊन जाऊन असतो."

तेव्हा त्यानं सांगितलं. कागदी मुकुट, पिशवी, ताईचा नंबर, सहावा आकडा. त्याला वाटत होतं हे सांगायला फार वेळ लागेल, पण टपाल कॉफी घेऊन येईपर्यंत संपलंसुद्धा. बाईंनी मध्ये एकदाच विचारलं, "फोन का नाही केलात?" तो म्हणाला, "उचलला तर काय बोलायचं ते सुचत नव्हतं." त्यांनी मान हलवली, जणू एखाद्या घड्याळात नेमकं काय अडकलंय ते दिसलं आणि ते फारसं अवघड नाही. मग त्यांनी टपालच्या हातून कप घेतला आणि साखर मागितली.

बॉसच्या खोलीत तो एकटा गेला. उभ्या उभ्याच सांगितलं, कारण बसला असता तर पुन्हा विचार करायला लागला असता. ते दोघं एकाच बाकावर शिकलेले. एकमेकांना सबबी सांगायची त्यांना लहानपणापासून सवय होती, खरं सांगायची तेवढी नव्हती. बॉस ऐकत राहिला, टेबलावरची पेनं एका रांगेत लावत. शेवटी म्हणाला, "म्हणजे मी त्या दारावर पंधरा वर्षं भाषणं देतोय ती..."

"हो."

"तीन देशांत दिलीयत."

"माहीत आहे. दोनदा मी पहिल्या रांगेत होतो."

बॉसनं चेहऱ्यावरून हात फिरवला. तो हसतोय की रडतोय, हे क्षणभर कळेना. "मी बरा बोलतो मग," तो म्हणाला. आणि मग वेगळ्याच, जुन्या आवाजात: "तेव्हा सांगायचंस ना. मी काय खाल्लं असतं तुला? मी रोज तुझ्या मागून जात-येत होतो, मला वाटायचं हा कामात बुडालाय." त्या मागून जाण्या-येण्याचं त्यालाही काहीतरी लागलं असावं, कारण तो उठून खिडकीपाशी गेला. दाराचं काय करायचं ते त्यानं विचारलं. गवंडी म्हणाला, "कागदावर आखली होती ती खोली बांधतो. फडताळ आणि पलंग. ज्यांना उघडायचंय ते उघडतील." "त्यात अर्थ काय?" बॉसनं सवयीनं विचारलं, आणि स्वतःच हात झटकला. "राहू दे. बांध."

दुपारी त्यानं फडताळ केलं. तीन फळ्या, मागे भिंत, एका फळीला किंचित पोक, कारण जुन्या लाकडाला तसा येतोच. मधेच त्याच्या लक्षात आलं की आपण शीळ घालतोय, आणि पलीकडच्या टेबलावरची मुलगी मान वर करून बघतेय. त्यानं शीळ बंद केली नाही. पावणेपाचला काम आटपून तो निघाला, बसमध्ये उभं राहायची जागा होती तिथे उभा राहिला, आणि दोन थांबे आधीच उतरून चालत घरी गेला. उन्हं अजून होती. कुणाच्या तरी गॅलरीत धुतलेल्या चादरी वाळत होत्या, एक माणूस सायकलची चेन बसवत होता, आणि या सगळ्यातून जाताना कुणी आपल्याला थांबवून काही विचारेल अशी धास्ती वाटत नव्हती. धास्ती वाटत नव्हती म्हणूनच त्याला कळलं, की आजवर ती रोज वाटत असे.

बायको नुकतीच आली होती. स्वयंपाकघरात उभी राहून पाणी पीत होती. त्यानं चप्पलही काढली नाही; सरळ सांगून टाकलं, नऊ दिवसांचं, दाराचं, आणि शेवटी तिच्या त्या वाक्याचं. "तू म्हणाली होतीस, हे करत होतास होय, मग ठीक आहे. तर मी ते करत नव्हतो. काहीच करत नव्हतो."

तिनं पेला खाली ठेवला. "मी असं म्हणाले होते?"

"हो."

"मला आठवत नाही," ती म्हणाली. खरंच आठवत नव्हतं. भुवया आक्रसून ती मागे मागे शोधत होती आणि हाताला काही लागत नव्हतं. "मी परत आले ते ताईकडे झोप होईना म्हणून. तिचे यजमान असे घोरायचे की कपाटाची दारं वाजायची. आणि पोर सारखी तुझं विचारायची. आणि मलाही करमेना, ते वेगळं. तुझ्या घराबिराचा त्यात काही संबंध नव्हता. मला तर तो खेळ नीट खेळताही येत नाही, सारखी भिंतीवर आपटते."

तो ओट्याला टेकला. "रागावली नाहीस?"

"रागावलेय ना. पंधरा वर्षं एवढं गाठोडं घेऊन या दोन खोल्यांत वावरतोयस आणि मला पत्ता नाही. दिवसभर लोकांचे कान तपासते मी." ती खरंच रागावली होती; तिनं नळ नको इतका सोडला, पेला विसळला, पालथा घातला, आणि हात पुसत त्याच्याकडे वळली. "पण फोन का नाही केलास?"

"उचललास तर काय बोलायचं ते सुचत नव्हतं."

"काही बोलला नसतास तरी चाललं असतं," ती म्हणाली. "मी उचलला असता."

मग ती होस्टेलवर राहणाऱ्या मुलीला फोन लावायला बाहेरच्या खोलीत गेली, तिची परीक्षा कशी झाली ते विचारायला. तो जाऊन सोफ्यावर बसला, पाच मिनिटं म्हणून आडवा झाला. बायकोचा आवाज येत होता, मधेच हसणं, "हो, आलाय, लवकर आलाय आज," आणि पुढे काय म्हणाली ते त्याला ऐकू आलं नाही, कारण तो झोपला होता, पायांत चप्पल तशीच, सहा वाजता, भर उजेडात.